ओढायची गाडी डिझेलचीच का?

आमच्या वालीवला दारासमोरून दिवसभर ट्रक जातात. गाळ्यांतून माल भरायचा आणि अहमदाबाद हायवे गाठायचा. माल वाहायची गाडी म्हणजे डिझेलची, हे आपण गृहीतच धरतो. पण मंडळी, पूर्वी असं नव्हतं बरं का!

१ जून १९४८ ला पुणे-नगर एस.टी. धावली. त्या सुरुवातीच्या काळातल्या शेवरलेट, बेडफर्ड वगैरे गाड्या मुख्यतः पेट्रोलच्या. चित्र पालटलं ते १९५४ मध्ये. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला सुरुवात केली. बॉनेटवर तीन टोकांचा तारा असलेली ती 'टाटा मर्सिडीज' माझ्या वयाच्या लोकांना नक्की आठवत असेल.

डिझेल का जिंकलं? पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. जास्त दाब, म्हणून त्याच लिटरमध्ये जास्त काम. शिवाय कमी वेगातही ओढ जबरदस्त. भरला ट्रक कसारा घाट चढवायचा तर हेच हवं.

दुसरं कारण इंजिनाबाहेरचं. शेती आणि मालवाहतूक महागू नये म्हणून सरकारने वर्षानुवर्षं डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलं. पेट्रोलचे दर २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे थेट २०१४ मध्ये. मग ट्रकमालक दुसरं काय निवडणार?

मात्र मालकाच्या हिशेबाच्या वहीत धुराचा रकाना नव्हता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितलं. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या डिझेल गाडीला धूर गाळणारी महागडी यंत्रणा लागू लागली. छोट्या टेम्पोंना आता सीएनजी परवडतो. अवजड ट्रेलर मात्र बहुतेक डिझेलचेच, कारण गॅसच्या टाक्या जड, जागा खाणाऱ्या.

डिझेलची निवड तेव्हा चुकीची होती असं मी म्हणणार नाही. देशाचं धान्य, सिमेंट, लोखंड त्यानेच वाहिलं. पण खर्चाचा एक भाग रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीने भरला, तोही हिशेबात धरायला हवा.

असो. तुमच्या गावाकडे काय दिसतं, जरूर कळवा.