बिनजखमेचे दोन सैनिक

आज एका युद्धाचीच गोष्ट सांगणार आहे, पण तिच्यात तोफा कमी आहेत. एक छोटा हातोडा आणि एक सुई आहे.

१९१६ साल. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीकाठी पहिल्या महायुद्धातली भीषण लढाई पेटली होती. फ्रेंचांचे सहावे सैन्य तिथे लढत होते. त्या सैन्याच्या मज्जाविकार केंद्रात जॉर्ज गियां आणि जाँ-अलेक्सांद्र बारे हे डॉक्टर काम करत होते. त्यांच्यापुढे दोन सैनिक आले. अंगावर गोळीची खूण नाही. हातापायांना मुंग्या येत होत्या आणि बळ ओसरले होते. त्यांतला एक जण पाठीवर पिट्ठू चढवताना कोसळला आणि उठूच शकला नाही.

इथे मी जरा थांबतो. जखम नसलेला सैनिक म्हणतो की पाय उचलत नाहीत, तेव्हा अधिकाऱ्याच्या मनात पहिला संशय कोणता येतो? ढोंगाचा. मी कॅप्टन असताना रूट मार्चमध्ये माझा एक जवान मागे पडू लागला. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हटले. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याला जमिनीवरून उठता येईना, तेव्हा एमआय रूममध्ये नेले. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडा मारला. पाय हलला नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हा खोटं बोलत नाहीये."

त्या हातोड्यामागे मोठा इतिहास आहे. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या या झटक्याचे वर्णन छापले. ठोका बसला की खबर मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच स्नायूला हुकूम येतो. माणसाच्या मर्जीला त्यात विचारले जात नाही. म्हणून ही साक्ष मोलाची. आपल्या सिग्नलवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर मेंदू आणि मज्जारज्जू हे हेडक्वार्टर, आणि तिथून हातापायांपर्यंत गेलेल्या नसा म्हणजे टेलिफोनच्या तारा. हेडक्वार्टर शाबूत, जवानही शाबूत, पण तार बिघडली तर हुकूम पोचणार कसा?

गियां आणि बारे यांच्यापुढचा आजार अगदीच नवा नव्हता. पायांकडून वर चढत जाणाऱ्या लकव्याचे वर्णन लँड्री या फ्रेंच डॉक्टरने १८५९ मध्येच केले होते. पण त्याच्या हाती ना हातोड्याची ही परीक्षा होती, ना पाठीतले पाणी काढायची सुई. ती रीत क्विंके या जर्मन डॉक्टरने १८९१ मध्ये रूढ केली.

१९१६ मध्ये दोन्ही साधने एकत्र आली. दोघा सैनिकांचे झटके हातोड्याने तपासले, ते हरवलेले होते. आंद्रे स्त्रोल या तिसऱ्या सहकाऱ्याने त्यांची यंत्रावर नोंद घेतली. मग पाठीतले पाणी काढले. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला की त्या पाण्यात प्रथिने वाढतात आणि पेशीही वाढतात. इथे प्रथिने खूप वाढली होती, पेशी मात्र जवळजवळ नेहमीइतक्याच होत्या. ही विसंगती हीच आजाराची ओळख ठरली. दोघांची प्रकृती सुधारू लागली होती, हेही त्यांनी नोंदवले. पुढे आजाराला गियां-बारे हे नाव मिळाले. आपण त्याला इंग्रजी वळणाने गुलेन-बॅरी किंवा जीबीएस म्हणतो. बिचाऱ्या स्त्रोलचे नाव मात्र मागे पडले.

पुढच्या काळात तारच तपासायची सोय झाली. १९२९ मध्ये एड्रियन आणि ब्रॉंक यांनी स्नायूतली वीज टिपणारी बारीक सुई बनवली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून नसेतून संदेश किती वेगाने धावतो, हेही दवाखान्यात मोजता येऊ लागले. मग कळले की या आजारात शरीराची स्वतःची संरक्षक फौज आपल्याच नसांवर, बहुधा त्यांच्या आवरणावर, चाल करून जाते. बऱ्याचदा आधी पोटाचा किंवा सर्दी-खोकल्याचा संसर्ग झालेला असतो. रक्तद्रव बदलणे आणि इम्युनोग्लोब्युलिन हे दोन उपचार मात्र १९८० नंतरच सिद्ध झाले.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याच आजाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. तेव्हा हे नाव घरोघरी पोचले. पण तपासणीची सुरुवात तिथेही त्याच जुन्या हातोड्याने होते.

एक लक्षात ठेवा. मुंग्या आणि अशक्तपणा पायांपासून दिवसागणिक वर चढू लागला, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. हा आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर वेळ हातात राहत नाही.

माझा जवान काही महिन्यांनी चालत परत आला. मी त्याची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. हुद्द्यात असताना केलेल्या कामांपैकी ते मला आजही आठवते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.