विजयाच्या सालचें द्राक्षासव

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराच्या उत्तरेकडे, जिरोंदच्या खाडीच्या डाव्या तीरानें मेडॉक नांवाचा प्रदेश पसरला आहे. जमीन गोट्यांची व निकस. धान्याला ती फारशी उपयोगाची नाहीं. द्राक्षवेलीला मात्र ती मानवते, कारण पाणी तेथें सांचून राहत नाहीं व वेलीचीं मुळें खोल जातात. याच प्रदेशांतील पोयाक गांवाजवळ शातो मूटों रॉथशिल्ड हा द्राक्षमळा आहे.

लंडनच्या रॉथशिल्ड शाखेंतील नॅथॅनिएल यानें हा मळा १८५३ सालीं विकत घेतला. दोनच वर्षांनीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठीं, सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेवरून, बोर्दोच्या दलालांनीं तेथील तांबड्या द्राक्षासवांची प्रतवारी लावली. पहिल्या वर्गांत चारच मळे बसले: लाफित, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर. (या लातूरचें आपल्या लातूरशीं नामसादृश्यापलीकडे कांहीं नातें नाहीं.) मूटोंचें नांव दुसऱ्या वर्गाच्या अग्रभागीं पडलें. प्रतवारीचा मुख्य आधार बाजारभाव हा होता. तरीहि त्या घराण्याला हा निकाल पुढें शंभराहून अधिक वर्षें सलत राहिला.

१९२२ सालीं नॅथॅनिएलचा पणतू फिलिप यानें कारभार हातीं घेतला. तेव्हां तो अवघा वीस वर्षांचा होता. त्या काळीं मळेवाले आसव पिंपांतून बोर्दोच्या व्यापाऱ्यांस विकीत आणि बाटल्या भरण्याचें काम व्यापारी करीत. बाटलींत काय जातें याची खात्री मालकाला देखील देतां येत नसे. फिलिपनें १९२४ पासून सर्व आसव मळ्यावरच बाटल्यांत भरण्याचा परिपाठ घातला. त्याचें सर्वांत शहाणपणाचें काम हेंच होय.

१९४० सालीं फ्रान्सचा पाडाव झाला. रॉथशिल्ड घराणें ज्यू. व्हिशी सरकारनें फिलिपचें नागरिकत्व काढून घेतलें व मळा जप्त केला. तो पिरेनीज पर्वत ओलांडून निसटला आणि इंग्लंडमध्यें द गॉलच्या सैन्यास मिळाला. त्याची पत्नी एलिझाबेथ जन्मानें कॅथलिक होती. परंतु त्यामुळें ती वाचली नाहीं. गेस्टापोनें तिला पकडलें आणि मार्च १९४५ मध्यें रॅव्हेन्सब्रुकच्या छळछावणींत तिचा अंत झाला.

त्याच वर्षीं मेच्या प्रारंभीं बोर्दोच्या मळ्यांवर कडक हिंव पडलें. कोंवळे धुमारे करपले आणि पीक फार थोडें येणार हें ठरून गेलें. युरोपांतील युद्ध थांबलें तें त्याच आठवड्यांत. पुढें उन्हाळा कडक व कोरडा गेला. उरलेल्या घडांची फळें लहान, जाड सालीचीं व गोड झालीं. तांबड्या आसवाचा रंग व तुरटपणा सालींतून येतो. फळ लहान असलें म्हणजे रसाच्या मानानें साल अधिक. म्हणून त्या सालचें आसव इतकें गडद व तुरट उतरलें कीं तें निवळून मऊ होण्यास दशकें लागलीं. जाणकार त्याची गणना विसाव्या शतकांतील श्रेष्ठ आसवांत करतात. हिंवानें पीक बुडविलें व त्याच हिंवानें त्याला कस दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या बाटलीच्या चिठीसाठीं फिलिपनें फिलिप जुलियां या तरुण चित्रकाराकडून चर्चिलच्या सुप्रसिद्ध खुणेचें ‘व्ही’ अक्षर काढून घेतलें व ‘विजयाचें वर्ष’ हे शब्द फ्रेंच भाषेंत छापले. एलिझाबेथचा उल्लेख त्या चिठीवर नाहीं. तेव्हांपासून दरसाल नव्या कलावंताचें चित्र चिठीवर घेण्याची प्रथा पडली. ब्राक, दाली, शागाल यांचीं चित्रें तीवर आलीं. २००९ च्या चिठीसाठीं मुंबईंत जन्मलेले अनीश कपूर यांची निवड झाली. मोबदला पैशांत नव्हे, बाटल्यांच्या रूपानें मिळतो!

१९७३ सालीं, जॅक शिराक कृषिमंत्री असतांना, मूटोंला अखेर पहिला वर्ग मिळाला. १८५५ च्या यादींत इतका मोठा फेरबदल दुसरा झालेला नाहीं. फिलिप १९८८ मध्यें वारला आणि कारभार कन्या फिलिपीन हिच्याकडे आला. आई गेली तेव्हां ती अकरा वर्षांची होती. २०१४ सालीं मृत्यु येईपर्यंत मूटोंची धुरा तिनेंच वाहिली.