विजेच्या तारांजवळचे काम आणि पुरुषांमधील कर्करोग

रब्बीत वाशिम जिल्ह्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्यासाठी कृषिपंप चालू होतात आणि उपकेंद्रांवरचा भार चढतो. तारेतून जितका जास्त प्रवाह वाहतो, तितके तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तीव्र होते. लाइनमन, उपकेंद्रातील ऑपरेटर, मोटार वाइंडिंग करणारे कारागीर यांचा या क्षेत्राशी रोजचा संबंध. त्याने कर्करोग होतो का, ही शंका जुनी आहे. ही कामे बहुतांशी पुरुषच करत आल्याने तिचा शोधही मुख्यतः पुरुषांमध्येच घेतला गेला.

१९८२ मध्ये सॅम्युअल मिलहॅम यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मृत्यूनोंदी तपासल्या. विजेशी संबंधित कामे करणाऱ्या पुरुषांमध्ये रक्ताच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. मात्र क्षेत्र कोणी मोजलेच नव्हते. हाती होता तो फक्त नोंदीतला व्यवसाय.

पुढचे अभ्यास मोठे होते. कॅनडा व फ्रान्समधील सुमारे २.२३ लाख वीज कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात (१९९४) रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकाराशी काहीसा संबंध दिसला. अमेरिकेतील सुमारे १.३९ लाख पुरुषांच्या अभ्यासात (१९९५) रक्ताचा कर्करोग वाढलेला आढळला नाही, उलट मेंदूच्या कर्करोगाशी थोडा संबंध दिसला. कारण एकच असते, तर दोन्हीकडे बोट एकाच रोगाकडे गेले असते. पुरुषांमधील स्तनाच्या कर्करोगाबद्दलही शंका घेतली गेली, पण तो इतका विरळ आहे की मोजक्या रुग्णांवरून निष्कर्ष काढणे कठीण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला ‘२ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. या शिक्क्याचा धाक बराच पसरला. त्याला आधार होता तो लहान मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासांचा. प्रौढांबाबतचा पुरावा संस्थेने अपुरा ठरवला. शिवाय ५० हर्ट्‌झच्या क्षेत्रात डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा नसते.

अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने कमी होते. परमिट घेऊन बंद केलेल्या लाइनवर तर प्रवाहच नसतो, म्हणून तिचे चुंबकीय क्षेत्रही नसते. तिथे जीव जातो तो दुसऱ्याच कारणाने: चुकीचा फीडर बंद झालेला असतो, किंवा एखाद्या जनरेटरमधून उलटा पुरवठा येतो. म्हणूनच खांबावर हात लावण्याआधी लाइन तपासून अर्थिंग करायची असते.