कापडवाल्याचा मुलगा

नाताळची खरेदी करून आलो. पिशव्या रिकाम्या करता करता रात्रीची प्रार्थना राहिली... या आठवड्यात तिसऱ्यांदा! तेव्हा असिसीचा फ्रान्सिस आठवला. बाप श्रीमंत कापडव्यापारी, पोरगा उंची कपड्यांचा शौकीन (आपल्यासारखाच). पुढे तो सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये प्रार्थनेत रमला. १२०६ च्या सुमारास त्याने बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा काढून बापाला परत दिले. बापाचा राग मला थोडा समजतो. चर्चच्या डागडुजीसाठी पोराने दुकानातलंच कापड विकलं होतं ना! पण १२२३ च्या नाताळला ग्रेच्चो गावी त्याने मांडलं काय? गवत भरलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव. तिथेच मिस्सा झाली.

आमच्या घरच्या गोठ्यासाठी यंदा दिव्यांच्या चार माळा आणल्यात. गवत आणायचं राहिलंच.