वारशाचे मुद्दल



कामगार संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याने इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी विद्यापीठातून आलेला इतिहासकार नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन झाले ते पाळी संपल्यावर. परंतु एक काम मला तीस वर्षे करावे लागले आहे, ते म्हणजे लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब ठेवण्याचे. वर्गणीची पावती, खर्चाचे व्हाउचर, सालअखेरचा ताळेबंद आणि भर सभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद, या चार गोष्टींशी ज्याची गाठ पडली, त्याला दोन हजार वर्षांपूर्वीचा दानलेख वाचतानाही तेच प्रश्न सुचतात. पैसा आला कोठून? ठेवला कोणाकडे? आणि काम झाल्यावर त्या कामाची निगा कोणी राखली?

हे प्रश्न आज विचारण्याजोगे आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्याचा रायगड आहे. असा मान मिळाला म्हणजे अनुदान येते, आराखडे होतात, कंत्राटे निघतात. तेव्हा वारशासाठी आलेला पैसा आपल्या मुलखात पूर्वी कसा सांभाळला गेला, हे पाहून ठेवलेले बरे.

आरंभ घराजवळून करू. कडावहून कर्जतला जावे, तेथून उल्हास नदीच्या खोऱ्याने कोंदिवड्याची वाट धरावी, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी लागतात. पावसाळ्यात त्यांच्या दर्शनी भागावरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. इसवी सनापूर्वीचे हे काम. लाकडी बांधकामाची प्रत्येक तुळई आणि कमान येथे दगडात उतरविली आहे. तेथे एका भग्न मूर्तीशेजारी एक लहानसा लेख आहे. कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बालक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. राजाचे नाव नाही, सावकाराचे नाही, करणाऱ्याचे आहे. घाट चढून कार्ल्यास गेलात, तर तेथेही धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याचा उल्लेख सापडतो. शेजारीच वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हा मोठा दाता नोंदलेला आहे. सुतार आणि सावकार एकाच भिंतीवर! आजच्या कोनशिलांवर नावांची रांग असते, परंतु तीत गवंड्याचे नाव मी अजून वाचलेले नाही.

कोंढाण्याचा लेख कामगाराचे नाव सांगतो, पैशाचा हिशेब सांगत नाही. तो पाहायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत गेले पाहिजे. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्यांतल्या एका लेखाप्रमाणे त्याने लेणे दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची ठेव दिली. ही ठेव ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पैसा राजाच्या कोठारात ठेवला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील कारागिरांची संघटना. आमचीच पूर्वज म्हणा ना! एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने.

आता हिशेब करून पाहा. हा दर अभ्यासक दरमहाचा मानतात. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला २४०. लेखात काय म्हटले आहे? लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०. पै-पैचा मेळ बसतो. दुसऱ्या हजारावरचे वर्षाचे ९० इतर किरकोळ गरजांसाठी. ही सारी व्यवस्था निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखविली, फळ्यावर नोंदविली आणि शेवटी दगडात कोरली.

या लेखाने मी थक्क झालो तो त्याच्या भव्यतेने नव्हे, तर त्याच्या व्यवहारी शहाणपणाने. दात्याने तीन गोष्टी ओळखल्या होत्या. वास्तू उभी करणे हा अर्धाच खर्च; तिच्यात राहणारांची, तिची निगा राखणारांची सोय हा उरलेला अर्धा. दुसरी गोष्ट, पैसा कष्टणाऱ्या हातांत दिला तर तो वाढतो. विणकरांनी त्या रकमेतून सूत घ्यावे, माग चालवावेत आणि नफ्यातून व्याज द्यावे, अशी ती योजना. तिसरी गोष्ट, हिशेब चारचौघांत जाहीर असला पाहिजे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी नाशिकलाच अशी ठेव दिली. तीही गोवर्धनच्या श्रेणींकडे; त्यांत तेली होते आणि पाण्याची यंत्रे करणारे कारागीरही होते. तेल्याला लोक विश्वस्त मानीत होते, हे आपल्या ग्रंथांतून सहसा सांगितले जात नाही.

आता याच्या उलट बाजूचा एक अध्याय आपल्याच जिल्ह्यात घडला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून रायगड घेतला आणि गड ओस पडला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजीमहाराजांचा पोवाडा छापून रयतेच्या राजाची आठवण जागी केली. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईवरील आपल्या पुस्तकात महाराजांच्या समाधीची दुर्दशा लिहिली. त्यानंतर हालचाल होऊन सरकारने समाधीच्या देखभालीसाठी अनुदान मंजूर केले. किती? वर्षाला पाच रुपये! देखभालीची नोंद सरकारी कागदावर झाली, समाधी होती तशीच राहिली. अनुदानाचा हा प्रकार ओळखून ठेवा. यात काम करण्याचा हेतू नसतो, काम केल्याचा दाखला मिळविण्याचा असतो.

लोकांना ही गोष्ट झोंबली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न हाती घेतला, पुण्यात सभा झाली, निधी सुरू झाला. मोठ्या देणग्यांबरोबर विद्यार्थ्यांचे आणि गरिबांचे आणेही आले. १८९६ मध्ये गडावर उत्सव झाला. इतका उत्साह असताना छत्री उभी राहायला किती काळ जावा? जीर्णोद्धार पुरा झाला तो १९२६ मध्ये. निधी सुरू झाल्यापासून एकतीस वर्षांनी. मध्यंतरी परवानगीची लढाई चालली, टिळक तुरुंगात गेले, निधी ज्या बँकेत होता ती बुडाली, आणि १९२० मध्ये टिळकही गेले. पैसा होता तेव्हा परवानगी नव्हती, परवानगी आली तेव्हा नव्याने पैसा उभारावा लागला. वारशाच्या कामात पैसा, परवानगी आणि कारागीर या तिघांची एका दिवशी गाठ पडणे हीच खरी अडचण. १९२६ सालीच कामगार संघटनांचा कायदा झाला आणि त्याने आम्हांला दर वर्षी हिशेबाचे पत्रक सरकारला देणे भाग पाडले. पुष्कळ कार्यकर्ते त्यावर कुरकुरत. मला तो जाच कधी वाटला नाही. उघडा हिशेब हीच गरिबाच्या निधीची तटबंदी आहे.

आज चित्र पालटले आहे. रायगडासाठी प्राधिकरण झाले, ६०० कोटींहून अधिक रकमेचा आराखडा झाला. पाच रुपयांपासून येथपर्यंतची ही मजल आनंदाची आहे. परंतु रक्कम वाढली म्हणून जुने दुखणे बरे झाले असे समजू नये. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते. न खर्चलेला पैसा परत जाण्याची भीती असते. गडावरच्या कामाचे वर्ष मात्र निराळे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत चार महिने पाऊस. चुना भिजवायचा, मुरवायचा, मळायचा, भिंतीत भरल्यावर ओला ठेवायचा. याला दिवस लागतात आणि पाणी लागते. पाणी मुबलक असते ते दिवाळीच्या सुमारास. मंजुरी, निविदा, हप्ता असे करीत पैसा फाल्गुनात पोचला, तर टाकी आटलेली असते आणि तारीख मानेवर बसलेली असते. मग चुन्याऐवजी सिमेंट येते, कारण ते लवकर आवळते. जुन्या दगडाचा ओलावा आत कोंडतो आणि काही पावसाळ्यांत दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो. विनियोगाचे प्रमाणपत्र मात्र वेळेवर गेलेले असते!

यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष मी मानीत नाही. दोष आहे तो अनुदानाकडे पाहण्याच्या रीतीचा. उभारणीला पैसा मिळतो, राखणीला मिळत नाही. कमानीला मिळतो, तिच्यावर उगवलेले पिंपळाचे रोप दर श्रावणात उपटणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. जुना चुना जाणणारे गवंडी आणि पाथरवट कंत्राटापुरते येतात, कंत्राटाबरोबर जातात. त्यांचा मुलगा तो धंदा शिकत नाही. वारशाचे खरे मुद्दल दगड नव्हे, हे कसब आहे. ते एकदा मोडले की कितीही कोटींचे व्याज ते भरून काढणार नाही.

म्हणून कडाव आणि भोवतालच्या गावांना माझे सांगणे आहे. कोंढाणे आपले आहे. कशेळ्यापलीकडे पेठचा कोथळीगड आपला आहे. येथे केव्हाही अनुदान आले तर ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारावेत. एकूण रक्कम, कंत्राटदार आणि मुदत यांचा फलक जागेवर लागेल काय? काम संपल्यानंतरच्या दहा वर्षांच्या निगेसाठी वेगळी तरतूद आहे काय? गावातील किती तरुण, ठाकर-कातकरी वस्तीतलेही, या कामावर योग्य मजुरीने घेतले जातील आणि किती जण कसब शिकून बाहेर पडतील? उषवदाताने आपल्या ठेवीबद्दलची उत्तरे दगडावर लिहून ठेवली होती. आपल्याला ती कागदावर मिळाली तरी पुरे. मात्र तो कागद वाचायला ग्रामसभेत माणसे हजर पाहिजेत.