आकाशाला लागलेले हात

आम्ही कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते पाळी संपल्यावर, वाचनालयात. म्हणून पेण-रोह्याच्या तरुणांना अवकाशसंशोधनाचा इतिहास सांगताना आम्ही चंद्रापासून नव्हे, शेजारच्या अलिबागपासून आरंभ करतो.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूच्या बहकणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली हे काम अलिबागेस नेण्यात आले. चुंबकाला लोखंडाचे वावडे. गवंड्यांनी लोखंड टाळूनच ती वास्तू रचली. सूर्यावर उत्पात झाला की पृथ्वीचे चुंबकक्षेत्र हादरते. उपग्रहांना ज्यांचे भय, त्या वादळांची नोंद येथे होते. स्पुटनिक उडाला १९५७ साली. आपला जिल्हा अर्धशतक आधीच या कामास लागला होता.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. परंतु जागा सोडली ती तेथल्या कोळ्यांनी. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले.

शास्त्रज्ञांची नावे इतिहासात राहतात, राहावीतच. पण त्या गवंड्यांचे, त्या कोळ्यांचे काय? धाटावच्या कारखान्यांत यंत्रे सांभाळणाऱ्या, पेणेत गणपतीचे डोळे रेखणाऱ्या मुलांनो, अचूक हात हेही विज्ञानाचे भांडवलच आहे. आकाश केवळ पदवीधरांचे नव्हे. शिका, आणि आपला वाटा मागा.