मोटारगाडीची हिवाळी साठवण

कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत मोटारगाडी रस्त्यावर न काढता, पुढे बिनतक्रार चालू होईल अशा स्थितीत एका जागी उभी करून ठेवण्याची पद्धत. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातील देश येथे ती रूढ आहे. जुन्या, हौसेने सांभाळलेल्या आणि उघड्या टपाच्या गाड्या बहुधा अशा ठेवल्या जातात. जर्मनीत १९९७ पासून त्यासाठी हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे आकडे असतील, तर ती गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळात रस्त्यावर येऊ शकते. एरवी ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता तर येत नाहीच, पण उभीही करता येत नाही. कर आणि विम्याचा हप्ता चालू महिन्यांच्या हिशेबाने बसतो.

या साठवणीचा हेतू गाडीचे थंडीपासून रक्षण करणे हा आहे, असे सर्रास मानले जाते. ही समजूत अपुरी आहे, आणि तिच्यामुळे चुकीचे उपाय केले जातात. इंजिनातले कूलंट पाणी आणि ग्लायकोल निम्मे-निम्मे असे असेल, तर उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासही ते गोठत नाही. शिवाय थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणजे गंजही सावकाश चढतो. उभ्या गाडीचे खरे नुकसान करतात ओल आणि रस्त्यावरचे मीठ. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर साधे मीठ पसरतात, काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाझरते. कॅल्शियम क्लोराइडला मात्र एक-तृतीयांश आर्द्रताही पुरते. त्यामुळे खालून न धुतलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली, तर ती बाहेरच्या कडाक्यापेक्षा जास्त वेगाने गंजू शकते: पत्र्यावर खारट पाण्याचा थर टिकतो आणि उबेमुळे क्रियेला जोर येतो. म्हणून सगळ्यांत महत्त्वाचे काम गाडी आत घेण्यापूर्वीचे आहे. चाकांवरच्या कमानी, तळाचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची बारीक भोके नीट धुवावीत, मग अर्धा तास गाडी चालवून सगळे खडखडीत वाळू द्यावे. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नये. ओल आत कोंडते. हवा खेळेल असे कापडी कव्हर योग्य.

हाच मुद्दा कोकणातही पडताळता येतो. तिथे तापमान शून्याच्या जवळपासही फिरकत नाही, तरीही जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद राहिलेल्या गाडीचा हँडब्रेक धरून बसतो, सीटना बुरशी येते आणि दारांच्या कडा गंजतात. थंडी नसताना हीच लक्षणे दिसतात, तेव्हा दोष थंडीच्या माथी मारता येत नाही.

आठवड्यातून एकदा इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. वरील कारणानेच तो टाळावा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गार सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकते ते हेच पाणी. तापलेल्या इंजिनात त्याची वाफ होऊन ते निघून जाते. पण उभ्या गाडीत दहा मिनिटांत कूलंटचा काटा वर आला, तरी तळाचे ऑइल पुरेसे तापलेले नसते. थोडे पाणी त्यात मिसळते आणि बरेचसे सायलेन्सरमध्ये साचून तो आतून खाते. यावर आक्षेप असा, की इंजिन महिनोन्‌महिने फिरले नाही तर बेअरिंगवरचे ऑइल निथळून जाईल आणि ते कोरडे पडेल. ऑइल निथळते हे खरे, पण पातळ थर चार-पाच महिने टिकतो, आणि इंजिनाची मोठी झीज गार अवस्थेत चालू करतानाच होते. दर आठवड्याचा नेम पाळला तर एका गार सुरुवातीऐवजी सुमारे वीस होतात. साठवणीपूर्वी ऑइल बदलणे अधिक उपयोगी, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ले आधीच असतात. चालवायचीच तर कोरड्या, बिनमिठाच्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवावी.

बॅटरीच्या बाबतीत मात्र थंडीचे भय खरे आहे, तेही बॅटरी उतरलेली असेल तर. पूर्ण चार्ज असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीतले द्रावण उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत उरते ते बहुतांशी पाणी, ते उणे सात-आठ अंशांनाच गोठून तिचे कवच फोडू शकते. आणि आजच्या गाडीत बॅटरी उतरायला काही चालू राहावे लागत नाही. अलार्म, कुलपे आणि संगणक मिळून ५० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास दिवसांत रिकामी. डिसेंबर-जानेवारीत दीड महिना महाराष्ट्रात येणाऱ्या टोरांटो किंवा शिकागोच्या मराठी कुटुंबांनाही हा हिशेब लागू पडतो. ऋण टोकाची तार काढून ठेवावी; वीज हाताशी असेल तर आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावणे उत्तम, म्हणजे काचा आणि रेडिओची सेटिंग्जही पुसली जात नाहीत.

इंधनाची काळजी मात्र गरजेपेक्षा जास्त केली जाते. उत्तर अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते. जुन्या, हवा घेणाऱ्या टाक्यांना त्याचा त्रास होतो. तिथे टाकी भरून स्थिरक घालावा. बंदिस्त टाकीच्या नव्या गाडीला चार महिन्यांनी सहसा काही होत नाही. टायरमधील हवेचा दाब दर साडेपाच अंशांना सुमारे १ पीएसआय उतरतो, म्हणून हवा थोडी जास्त भरावी. हँडब्रेक ओढू नये, चाकांना उट्या लावाव्यात. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. सायलेन्सरचे तोंड स्टीलच्या काथ्याने बुजवून तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

गाडी चालवण्यासाठीच असते, मग ती महिनोन्‌महिने कोंडायची कशाला, हा आक्षेप रोजच्या गाडीपुरता पूर्ण मान्य करायला हवा. एकुलती गाडी साठवण्यापेक्षा तिला हिवाळी टायर घालणे शहाणपणाचे. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच सक्तीचे आहेत. साठवण आहे ती ज्या गाडीवाचून अडत नाही तिच्यासाठी. वसंतात ती बाहेर काढताना आधी सायलेन्सरचा बोळा काढावा, मग हवा, ब्रेक आणि वायरी तपासाव्यात. ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस थर चार-सहा वेळा ब्रेक दाबला की जातो. बर्फ संपल्यावरही मीठ रस्त्याच्या कडेला साचून राहते, त्यामुळे एक-दोन मोठे पाऊस होऊन ते वाहून गेल्यावरच गाडी काढावी.